कागद रिकामा ठेवा

चौतीस वर्षं मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवली. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला किती मुलं बसवली याचा हिशेब ठेवला नाही, पण एक वाक्य रोज बोललो: "कागद रिकामा ठेवू नका रे." मुलं कागदाच्या मधोमध लिंबाएवढा तांब्या काढायची आणि खुशाल पेन्सिल खाली ठेवायची. मग मी बाकांमधून फिरत त्या तांब्याखाली टेबलाची कड काढायला लावायचो. मागे पडद्याच्या चुण्या, बाजूला सावली, उरलेल्या जागेत हलका वॉश. पार्श्वभूमी भरली की चित्र पुरं झालं, अशी माझी श्रद्धाच होती म्हणा ना.

आता निवृत्तीनंतर माझ्या पाच वर्षांच्या नातवासाठी मी पार्श्वभूमी पुसायला शिकतो आहे. चौतीस वर्षांची खोड जाता जात नाही.

नातू दहा आठवडे आधीच आला. वजन साडेबाराशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलं होतं तेव्हा माझ्या करंगळीएवढा त्याचा दंड होता. कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावर नको तशा रक्तवाहिन्या वाढू शकतात, म्हणून त्यांचे डोळे ठरावीक मुदतीनं तपासतात. त्याचेही तपासले. पडदा स्वच्छ निघाला. "डोळे उत्तम आहेत," असं आम्हाला सांगितलं आणि मी राजवाड्याजवळून किलोभर कंदी पेढे आणून वॉर्डात वाटले.

ते वाक्य खरं होतं, आजही खरं आहे. पुढची दोन वर्षं आमची त्याच वाक्यानं खाल्ली.

कारण उत्तम डोळ्यांचं हे पोर आमच्याकडे बघत नव्हतं. आई तोंडासमोर तोंड आणून हाका मारायची आणि त्याची नजर तिच्या कानाशेजारून पलीकडे, ट्यूबलाइटवर. पंखा लावला की पंख्यावर. खुळखुळा पुढे धरला तर हात बरोबर जायचा, पण हात जाताना मान मात्र दुसरीकडे वळलेली. जो तो येऊन काही ना काही सांगून जायचा. हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, बहिणीनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. एका डॉक्टरांनी फाइल मिटत "मुलं आळशी असतात, होईल हळूहळू" म्हटलं. आम्ही ते आनंदानं ऐकलं, कारण तेच ऐकायला गेलो होतो.

याहून वाईट म्हणजे त्याला अधूनमधून दिसायचं. दसऱ्याला दारावरची झेंडूची माळ वाऱ्यानं हलली आणि कडेवरचं पोर झटकन तिकडे वळलं. वारा पडला, माळ थांबली आणि त्याची नजर गेली. सकाळी उठल्यावर पिवळी वाटी सापडायची, संध्याकाळी तीच वाटी नाकासमोर असून नसल्यासारखी. "सोयीनं दिसतं याला," असं शेजारी कुणीतरी हसत म्हणालं. मी त्या माणसाशी सहा महिने बोललो नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं.

अखेर पुण्यात मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरून दाखवली. डोळा जे टिपतो ते मेंदूच्या पार मागच्या भागापर्यंत पोचावं लागतं. आपण उशीला टेकतो ना, तिथपर्यंत. वाटेत मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेनं पांढऱ्या तंतूंच्या जुड्या जातात. फार लवकर जन्मलेल्या बाळात तो भाग कमालीचा नाजूक असतो. रक्त किंवा प्राणवायू थोडा वेळ कमी पडला तरी तिथे इजा होते. काही बाळांत जन्मानंतर रक्तातली साखर फार खाली गेल्यानं मागचा भाग दुखावतो, काहींत जन्मताना गुदमरल्यानं. डोळा धडधाकट असतो, निरोपही निघतो. पोचतो तेव्हा तो फाटलेला असतो, किंवा पोचल्यावर वाचणारं कुणी नसतं. या दुखण्याला सीव्हीआय म्हणतात. 'सी' म्हणजे काही जण कॉर्टिकल म्हणतात, काही सेरेब्रल. बाकीचं व्हिज्युअल इम्पेअरमेंट. मेंदूतून आलेली दृष्टिबाधा. श्रीमंत देशांत मुलांना नीट न दिसण्याचं हे सर्वांत मोठं कारण मानतात, आणि त्यामागचं एक कारण चांगलंच आहे: पूर्वी जी बाळं जगतच नव्हती ती आता जगतात.

डॉक्टरांनी औषधाचं काही लिहिलं नाही. कागद उलटा करून मागे एका संस्थेचा पत्ता लिहिला.

संस्था म्हणजे एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेर चपलांचा स्टँड, त्यावर देणगीची पेटी, आत मुलांच्या आया आणि त्यांच्या मांडीवर मुलं. आम्ही आत गेलो तशी तिथल्या ताईंनी आधी पंखा बंद केला. मग हिला म्हणाल्या, "आजी, बांगड्या जरा वर सरकवता का?" मग आम्हा सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. खोलीच्या एका बाजूला छतापासून जमिनीपर्यंत काळा पडदा होता. दुसरं काही नाही. ताईंनी पिवळ्या चकचकीत बेगडीचा झुबका काढला, पोराच्या डाव्या बाजूला, डोळ्यांपेक्षा जरा उंच धरला आणि किंचित हलवला. मग थांबवला. परत हलवला.

काही झालं नाही.

मी घड्याळ बघत होतो. मराठी घरात इतका वेळ कुणी मुलासमोर गप्प बसत नाही. आपण "ते बघ, बघ काय आहे, बघितलंस का" असं सुरू करतो आणि पोरानं बघण्याआधीच ती वस्तू उचलून दुसरी दाखवतो. अकराव्या सेकंदाला त्याची मान फिरली. डोळे आले, त्या झुबक्यावर टेकले आणि तिथे राहिले. माझ्या मुलीनं तोंडावर हात दाबून धरला, कारण आवाज करायचा नव्हता.

"त्याला वेळ लागतो," ताई म्हणाल्या. "तुम्ही आजवर वेळ संपायच्या आत खेळणं काढून घेत होता." दोष दिल्यासारखं नव्हतं ते, फोनवर गाडीची वेळ सांगावी तसं होतं.

ऐकणं आणि बघणं एकाच वेळी त्याच्या मेंदूला झेपत नाही. आवाज आला की दिसणं विझतं. ओळखीची वस्तू सापडते, नवी सापडत नाही, हे तर आपल्या अगदी उलट; आपण नव्या वस्तूकडे आधी बघतो. दाटीतलं काही सुटं होऊन समोर येत नाही. लांबचं दिसत नाही, तेही दृष्टी अधू म्हणून नव्हे, लांब गेलं की दाटी वाढते म्हणून. चेहरा ही तर जगातली सर्वांत अवघड नक्षी, शिवाय सारखी बदलणारी. म्हणून तो आईला आवाजानं ओळखतो, आजीला बांगड्यांनी आणि मला माझ्या डाव्या पायाच्या फरफटणाऱ्या चपलेनं. मी मध्यंतरी नवी चप्पल घेतली तर दोन दिवस मी घरात परका होतो.

या खुणा एकत्र मांडण्याचं मोठं काम पिट्सबर्गच्या ख्रिस्तीन रोमन-लँट्झी यांनी केलं. त्यांचं पुस्तक 2007 साली आलं. त्यांनी शून्य ते दहा अशी एक पट्टी दिली आहे: शून्य म्हणजे दृष्टीचा काहीच वापर नाही, दहा म्हणजे जवळजवळ तुमच्याआमच्यासारखा. पहिल्या खेपेला आमच्या पोराला तीन मिळाले. परीक्षकानं मार्क द्यायचे आणि आपण बाहेर बाकावर बसायचं, ही जागा मला नवी होती.

पंधरा दिवसांनी ताई एसटीनं साताऱ्याला घर बघायला आल्या. चित्रकलेच्या मास्तराचं घर कसं असणार? शोकेसमध्ये कोंडापल्लीची बाहुली, सावंतवाडीची लाकडी फळं, ट्रॉफ्या. सोफ्यावर बुट्टीदार अभ्रे, पलंगावर जयपुरी चादर. आणि पोराच्या खोलीत, त्याच्या बारशाच्या आधी मी नऊ दिवस खपून काढलेली वारली भिंत. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघा: तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा गोल, ताडाची झाडं, कोंबड्या, विहीर. ताई त्या भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. बारकाईनं बघत होत्या. मला बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "सर, फार सुंदर आहे. पण त्याची गादी याच भिंतीकडे तोंड करून आहे ना?"

पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं.

दुसऱ्या रविवारी मी स्वतःच डिस्टेंपर आणला. पहिल्या हाताला रेघा आतून दिसत राहिल्या. दुसऱ्या हातानंतरही तारपावाला अंधूक उरला होता, त्याला तिसरा हात दिला. करड्या रंगाची ती कोरी भिंत बघून हिनं विचारलं, "वाईट वाटलं का?" मी म्हटलं, वाटलं. खोटं कशाला बोलू.

पोराला खालच्या बाजूचं दिसत नाही, हेही तेव्हाच कळलं. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला इजा झालेल्या मुलांचं बहुधा असंच असतं. म्हणून त्याला ताटातलं सापडायचं नाही, उंबऱ्याशी पाय चाचपायचा. ताई म्हणाल्या, वस्तू आडवी न ठेवता तिरपी, डोळ्यांसमोर ठेवा. मी माळ्यावरून माझा जुना ड्रॉइंग बोर्ड काढला. अर्ध्या इम्पिरिअलचा, सागवानी, कडांना टाचण्यांची भोकं पडलेला. मागे ठोकळा लावून तिरका केला, वर काळं कापड ताणून बसवलं. आता त्याची वाटी, चमचा, खेळणं, सगळं त्या बोर्डवर येतं. एका वेळी एकच वस्तू. मी मुलांना पाच वस्तूंची मांडणी करून द्यायचो: सुरई, वाटी, दोन फळं आणि मागे कापड. 'स्थिरचित्र' असं त्या विषयाचं नाव. या पोराला स्थिर ते दिसत नाही. हललं की दिसतं.

हे हलण्याचं कोडं जुनं आहे. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या भागाला गोळी लागून आंधळे झालेले काही सैनिक जॉर्ज रिडॉक नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी तपासले. समोर धरलेली वस्तू त्यांना दिसत नव्हती, ती हलवली की तिथे काहीतरी सरकतंय एवढं कळत होतं. रिडॉक यांनी हे 1917 साली लिहून ठेवलं. त्याच्याही आधी, 1904-05 च्या रशिया-जपान युद्धात, तात्सुजी इनोउए या तरुण जपानी नेत्रतज्ज्ञाकडे जखमी सैनिक येत. रशियन बंदुकीची नवी गोळी बारीक आणि वेगवान होती; कवटीतून आरपार जायची आणि माणूस पुष्कळदा जगायचा. गोळी कुठून शिरली, कुठून निघाली आणि सैनिकाला नजरेतला कोणता तुकडा दिसेनासा झाला, यांची सांगड घालत इनोउए यांनी मेंदूतल्या दृष्टीचा नकाशा काढला. तो 1909 साली छापला गेला. त्यांना हे काम कशासाठी दिलं होतं? सैनिकाची दृष्टी किती गेली ते मोजून त्याचं पेन्शन ठरवायला.

ते वाचलं आणि आमची दिव्यांगत्वाच्या दाखल्याची वारी आठवली. आपल्या 2016 च्या दिव्यांग कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी यांच्या व्याख्या आहेत. चांगल्या डोळ्यानं, चष्मा लावून, तक्त्यावरचं किती दिसतं? 6/18 च्या खाली, 3/60 पर्यंत, वगैरे. किंवा नजरेचा विस्तार किती अंश? मेंदूनं काय केलं हे त्यात कुठे विचारलेलं नाही. काळ्या कार्डावर एकटं अक्षर धरलं तर उद्या आमचं पोर ते वाचेलही, आणि त्याच मुलाला लग्नाच्या हॉलमध्ये हातभर अंतरावरची आई सापडणार नाही. आकड्यात तो बसत नाही. आम्ही तीन खिडक्या फिरलो, चौथ्या खिडकीवरच्या बाईंनी समजुतीनं सांगितलं, "आजोबा, डोळे चांगले आहेत म्हणून लिहिलंय, मी काय करू?" परत तेच वाक्य. त्याच्या हातापायांत ताठरपणाही आहे; शेवटी दाखला मिळाला तो त्याचा, दृष्टीचा नाही.

स्कॉटलंडमध्ये अशाच मुलाच्या एका आईनं 'सीव्हीआय स्कॉटलंड' नावाची संस्था उभी केली. ग्लासगोत वर्षानुवर्षं मुलांचे डोळे तपासणारे प्राध्यापक गॉर्डन डटन त्या कामात आहेत. तिथले धडे फुकट वाचायला मिळतात. माझी मुलगी रात्री पोर झोपल्यावर ते वाचते आणि सकाळी चहा घेताना मला मराठीत सांगते. डटन यांनी तक्त्याबरोबर आईबापांना विचारायचे प्रश्नही पुढे आणले. खेळण्यांच्या ढिगातून हवं ते खेळणं सापडतं का? घोळक्यात तुम्ही सापडता का? पायरी उतरताना पाय अडखळतो का? इतके साधे प्रश्न. पहिल्या दोन वर्षांत आम्हाला हे कुणी विचारले असते तर तिन्हींची उत्तरं हिनं पोळ्या लाटता लाटता दिली असती. तिकडे बॉस्टनजवळ, हेलन केलर जिथे शिकली त्या 1829 सालच्या पर्किन्स अंधशाळेतही आता सीव्हीआयसाठी वेगळं केंद्र आहे.

आमच्या दोन खोल्यांच्या संस्थेकडे असलं काही नाही. ताई तुळशीबागेतून आणि बोहरी आळीतून वस्तू जमवतात: पिवळी गाळणी, लाल प्लॅस्टिकचे पेले, टॉर्च, स्टीलचा घासणीचा गोळा. प्रत्येक मुलाची एक पिशवी, तिच्यावर त्याचा रंग. व्हरांड्यात बसलेल्या आयांची विद्या तर कुठेच छापलेली नाही. सोलापूरहून येणारी एक आई कायम नारिंगी ड्रेस घालते. साडी नाही, काठ नाही, ओढणीही तीच. तिच्या मुलाला एसटी स्टँडवर नारिंगी ठिपका सापडतो आणि तो ठिपका म्हणजे आई. "लग्नाला पण हेच?" म्हणून हिनं विचारलं. ती म्हणाली, "सासूबाई बोलल्या चार दिवस. मग त्यांनीच नारिंगी पातळ घेतलं."

गेल्या वर्षी गणपतीत आमच्याकडे या रिकाम्या पार्श्वभूमीवरून वादच झाला. दरवर्षी आरास माझी. थर्मोकोलची मखरं मी कधीच सोडली, पण पुठ्ठ्याचं मंदिर, दिव्यांच्या माळा, झुरमुळ्या, पडद्यावर देखावा हे सगळं असायचंच. पोराला चार वर्षांत एकदाही गणपती दिसला नव्हता. तो दिव्यांच्या माळांकडे तोंड करून रडायचा. मी म्हटलं, यंदा मागे नुसतं काळं कापड लावू. "गणपतीमागे काळं?" माझ्या थोरल्या वहिनींनी जेवता जेवता घास खाली ठेवला. घरात अशुभ नको, पोराचं आधीच असं आहे, वगैरे. बाकी कुणी काही बोललं नाही. ही उठली आणि कपाटातून तिची संक्रांतीची काळी साडी घेऊन आली. "संक्रांतीला चालतं ना काळं? मग हे तेच काळं आहे," म्हणाली. काठ मागे दुमडून टाचले. माळा नाहीत, झुरमुळ्या नाहीत. मूर्तीचं पितांबर मी लेमन यलोनं पुन्हा रंगवलं होतं, समोर एक समई. आरतीला झांजा नाहीत. वहिनींनी आरती चक्क कुजबुजत म्हटली. आणि मध्येच त्यांनीच माझ्या दंडाला चिमटा काढला. पोर मूर्तीकडे बघत होतं. पितांबराकडे म्हणा हवं तर.

चमत्कार वगैरे काही नाही. तीन वर्षांत तीनाचे साडेपाच झाले. ताप आला की पुन्हा तीनावर येतो, चार दिवस तिथेच बसतो. मेंदू लहान वयात नव्या वाटा काढू शकतो आणि त्या वाटा वापरल्यानंच रुळतात, एवढ्या भरवशावर हे सगळं चाललेलं आहे. शाळेचं काय, हा प्रश्न अजून तसाच आहे. बालवाडीच्या भिंती आठवा: फळं, प्राणी, अक्षरं, वाढदिवसाचे तक्ते, छताला टांगलेली फुलपाखरं. तशा भिंती मी स्वतः हौसेनं रंगवून दिल्या आहेत, गावातल्या तीन तरी.

परवा त्यानं बोर्डवर पहिल्यांदा रंग वापरला. काळा कागद, जाड ब्रश, पोस्टर कलरची पिवळी बाटली. ब्रश टेकवताना मान वळलेलीच होती. मग मान परत आली, त्यानं काय उमटलंय ते बघितलं आणि पुन्हा ब्रश टेकवला. कागदाच्या डाव्या बाजूला दोन जाड पट्टे. बाकी सगळा कागद रिकामा. माझ्या तोंडाशी आलं होतं.

संस्थेची एक मागणी आहे, ती वाचकांपर्यंत पोचवतो. तुमच्या गावाशहरात अशा मुलांसाठी काम करणारी एखादी संस्था असेलच, चौकशी केलीत तर सापडेल. त्यांना जुन्या खेळण्यांची खोकी देऊ नका, ती त्यांच्याकडे ढिगानं पडलेली असतात. काळ्या रंगाचं सुती कापड द्या, दोन-तीन मीटर. बुट्टी नको, काठ नको, चमक नको. आणि अशा मुलाच्या घरी गेलात तर दारातच आपलं नाव सांगा, मग गप्प बसा. मनात पंधरा अंक मोजा.